मोजणे, मापणे व इंग्रजी नामे

इंग्रजी व्याकरणात नामांचे जे अनेक वर्ग सांगितले आहेत, त्यांपैकी गणनीय व अगणनीय हा भेद शिकविण्यास अत्यंत सोपा व शिकण्यास अत्यंत कठीण आहे. शिकविण्यास सोपा अशासाठी की, ‘जे मोजता येते ते गणनीय, जे मोजता येत नाही ते अगणनीय,’ एवढे एक वाक्य फळ्यावर लिहिले म्हणजे शिक्षकास आपले काम संपल्यासारखे वाटते. शिकण्यास कठीण अशासाठी की, तेच वाक्य घेऊन विद्यार्थी परीक्षेस बसला म्हणजे ते त्यास पदोपदी फसविते. प्रस्तुत लेखकाने हे वाक्य कित्येक वर्षे फळ्यावर लिहिले. ते लिहिणे का थांबविले, हे सांगितल्यावाचून ह्या विषयाचा खरा उलगडा व्हावयाचा नाही. म्हणून आरंभी ती हकीकत सांगतो.

काही वर्षांपूर्वी आठवीच्या वर्गातील निबंधाच्या वह्या मी तपासून परत देत होतो. एका मुलाने आपल्या वडिलांच्या किराणा दुकानाचे वर्णन करताना ‘मेनी मनीज’ असे लिहिले होते. मी त्या शब्दांभोवती तांबड्या शाईचे वर्तुळ काढून समासात ‘अगणनीय’ असा शेरा मारला होता. मुलगा उभा राहिला व म्हणाला, “सर, आमच्या दुकानात बाबा रोज रात्री गल्ल्यातले पैसे मोजतात. मीसुद्धा त्यांच्याबरोबर मोजतो. मग मनी मोजता येत नाही, हे कसे?”

वर्गात हशा पिकला. मला उत्तर ठाऊक नव्हते, आणि ठाऊक नाही असे म्हणण्याचे धैर्यही माझ्यापाशी नव्हते. “व्याकरणाशी वाद घालू नये, नियम पाठ करावा,” असे म्हणून मी त्यास खाली बसविले. मुलगा बसला, परंतु त्या सहामाहीत त्याने पुन्हा एकदाही हात वर केला नाही. त्याची चूक एका अक्षराची होती. माझी त्याहून पुष्कळ मोठी होती.

पुढे सुट्टीत त्याच दुकानी सामान आणावयास जाण्याचा प्रसंग आला. वडिलांनी “या मास्तर, बसा,” म्हणून स्टूल पुढे केले. गिऱ्हाइकांची गर्दी होती. मुलगा हाताखाली काम करीत होता. वडील त्यास म्हणाले, “आधी पाच नारळ मोजून दे, मग दोन लिटर तेल मोज.” हे साधे वाक्य ऐकले आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. नारळही मोजावयाचे आणि तेलही मोजावयाचे. क्रियापद एकच, परंतु क्रिया दोन! नारळ मोजताना मुलगा एक, दोन, तीन असे म्हणत होता. तेल मोजताना त्याच्या हातात माप होते.

विद्यार्थी मित्रहो, सर्व घोटाळ्याचे मूळ येथे आहे. आपल्या मराठीतील ‘मोजणे’ हे क्रियापद मोठे उदार आहे. आपण मुले मोजतो, कापड मोजतो, दूध मोजतो, जमीनही मोजतो. इंग्रजीत मात्र ह्या कामासाठी दोन निरनिराळी क्रियापदे आहेत. एक एक करून गणना करावयाची तेथे ‘काउंट’, आणि मापाने प्रमाण ठरवावयाचे तेथे ‘मेझर’. ‘काउंटेबल’ ह्या शब्दाचा अर्थ ‘ज्याची एक, दोन, तीन अशी गणना होते ते’ एवढाच आहे. तेव्हा ‘अगणनीय’ म्हणजे ‘ज्याचे प्रमाण सांगता येत नाही ते’ असे कदापि समजू नये. साखर तोलता येते, पाणी मापता येते. परंतु ‘एक साखर, दोन साखरा’ किंवा ‘तीन पाणी’ असे आपण म्हणत नाही. गणना होते ती किलोची, लिटरची, पोत्याची अथवा पेल्याची.

आता ‘मनी’चा उलगडा सहज होतो. इंग्रज मनुष्य नाणी मोजतो, नोटा मोजतो, रुपये मोजतो. म्हणून ‘कॉइन’, ‘नोट’ व ‘रुपी’ ही तिन्ही नामे गणनीय असून ‘टेन रुपीज’ हे शुद्ध आहे. परंतु ‘मनी’ हे कोणत्याही एका नाण्याचे नाव नव्हे. ते द्रव्य ह्या एकंदर वस्तूचे नाव आहे. साखरेचा जसा किलो, तसा ‘मनी’चा रुपया. आपल्या मराठीत उलट घडले. ‘पैसा’ हे मुळात एका नाण्याचेच नाव. 1957 साली दशमान नाणी सुरू होईपर्यंत रुपयाचे सोळा आणे व चौसष्ट पैसे होत असत. त्यापुढे शंभर होऊ लागले. त्या नाण्याचे नावच आपण सर्व द्रव्यास दिले, म्हणून मराठीत ‘पैसे’ अनेकवचनी झाले व मोजता येऊ लागले. कायद्याच्या व हिशेबाच्या लिखाणात ‘मनीज’ असे रूप क्वचित आढळते. परंतु ते निरनिराळ्या रकमांविषयी असते, आणि शालेय विद्यार्थ्याने त्याच्या वाटेस जाण्याचे कारण नाही.

शाळा उघडल्यावर मी त्या मुलास वर्गासमोर बोलाविले, त्याचा प्रश्न योग्य होता असे सांगितले व वरील उत्तर दिले. त्याने ते शांतपणे ऐकून घेतले आणि लगेच विचारले, “मग साबणाचे काय, सर? साबण तर आम्ही मोजूनच विकतो.” ह्या दुसऱ्या प्रश्नाने मला जितका आनंद झाला तितका क्वचितच कशाने झाला असेल. पुढील विवेचन त्या प्रश्नाचे उत्तर होय.

नाम गणनीय आहे की अगणनीय हे वस्तूकडे पाहून ठरत नाही. भाषा त्या वस्तूकडे कोणत्या दृष्टीने पाहते ह्यावरून ठरते. काही वस्तूंना भाषा कडा असलेल्या, सुट्या, एकेरी अशा समजते. काहींना ती अखंड द्रव्याप्रमाणे समजते. पाणी, तेल, वाळू, हवा, धैर्य, प्रामाणिकपणा ह्यांविषयी इंग्रजी व मराठी ह्यांचे बहुधा एकमत आहे. परंतु कित्येक ठिकाणी दोन्ही भाषांच्या दृष्टी भिन्न आहेत, आणि आपल्या चुका नेमक्या तेथेच होतात.

वर्गातलेच उदाहरण घ्या. आपण ‘दोन खडू’ म्हणतो. इंग्रजीत ‘चॉक’ हे त्या पांढऱ्या द्रव्याचे नाव आहे. म्हणून खडूच्या कांडीस ‘अ पीस ऑफ चॉक’ म्हणावे लागते. ‘साबण’ आपल्या दृष्टीने वडी आहे, ‘सोप’ इंग्रजाच्या दृष्टीने द्रव्य; म्हणून ‘टू केक्स ऑफ सोप’ किंवा ‘टू बार्स ऑफ सोप’. आपला ‘पाव’ मोजावयाचा, इंग्रजांचा ‘ब्रेड’ अगणनीय. म्हणून ‘अ लोफ ऑफ ब्रेड’. आपण ‘तिचे केस लांब आहेत’ असे अनेकवचनी बोलतो; इंग्रजीत मस्तकावरील सर्व केस मिळून एक वस्तू, म्हणून ‘हर हेअर इज लाँग’. आपण ‘तांदूळ निवडले’ म्हणतो, कारण आपल्या आईच्या सुपात ते दाणे दाणे दिसतात. इंग्रजीतील ‘राइस’ मात्र एकवचनीच राहते. नवल हे की, मराठीत तरी सर्वत्र एक नियम कोठे आहे? आपण ‘तांदूळ निवडले’ म्हणतो, परंतु ‘ज्वारी निवडली’ म्हणतो. ज्वारीचे दाणे तांदळाच्या दाण्यांहून मोजण्यास काही अधिक कठीण नाहीत. तरीही ज्वारी एकवचनी राहिली. तेव्हा इंग्रजीस लहरी म्हणून दोष देण्यापूर्वी आपल्या घरातील डब्यांकडे एकदा पाहावे.

इंग्रजीत आणखी एक समूह असा आहे की, तो आपल्या विद्यार्थ्यांस फार छळतो. पुष्कळ निरनिराळ्या वस्तूंस मिळून जे एक सर्वसाधारण नाव देतात, ते तेथे वारंवार अगणनीय असते. मेज व खुर्ची ही दोन्ही नामे गणनीय. परंतु त्यांस मिळून ‘फर्निचर’ म्हटले की गणना संपली. पेटी व पिशवी गणनीय; ‘लगेज’ अगणनीय. अंगठी व बांगडी गणनीय, ‘ज्वेलरी’ अगणनीय. यंत्र गणनीय, ‘मशिनरी’ अगणनीय. यावरून ‘फर्निचर्स’, ‘लगेजेस’ ही रूपे अशुद्ध ठरतात. येथे मराठीची साक्ष काढावी. आपण ‘दागिने’ म्हणतो, तेव्हा ‘ज्वेलरी’च्या बाबतीत मराठी आपणांस साहाय्य करीत नाही. परंतु ‘सामान’ हा शब्द पाहा. ‘सामान आले’ असेच आपण म्हणतो. ‘चार सामाने आली’ असे कोणी म्हणत नाही. ‘चार नग आले’ असे म्हणतो. ‘लगेज’चे वर्तन हुबेहूब ‘सामाना’सारखे आहे.

‘इन्फर्मेशन्स’ ही चूक आमच्या उत्तरपत्रिकांत इतकी आढळते की तिची गणना कोणीही करावी! परंतु ‘माहिती’ ह्या शब्दाचे अनेकवचन आपल्यापैकी कोणी कधी केले आहे काय? ‘मला तीन माहित्या मिळाल्या’ असे बोलणारा मराठी मनुष्य मी पाहिला नाही. मातृभाषा येथे आपणांस योग्य मार्ग दाखवीत असते. आपणच तिला न विचारता इंग्रजी लिहावयास बसतो. उलट ‘बातमी’ व ‘सल्ला’ येथे सावध राहावे. आपण ‘एक बातमी’, ‘दोन बातम्या’, ‘एक सल्ला’ असे म्हणतो; इंग्रजीत ‘न्यूज’ व ‘ॲडव्हाइस’ दोन्ही अगणनीय आहेत. ‘न्यूज’च्या अंती ‘स’कार ऐकू येतो, म्हणून पुष्कळांस ते अनेकवचन वाटते. काही शतकांपूर्वी ते खरोखरच अनेकवचनी चालत असे. आता ‘द न्यूज इज ट्रू’ असेच म्हणावे लागते.

आता व्यवहारात ह्या भेदाचे परिणाम कोठे होतात, ते लक्षात ठेवावे. ते मुख्यत्वे तीन ठिकाणी होतात.

पहिले ठिकाण उपपदाचे. एकवचनी गणनीय नाम इंग्रजीत सहसा एकटे उभे राहत नाही. त्याच्यामागे ‘अ’, ‘ॲन’, ‘द’, ‘माय’, ‘धिस’ असा कोणी तरी सोबती हवा. ‘आय हॅव बुक’ हे अशुद्ध, ‘आय हॅव अ बुक’ हे शुद्ध. अगणनीय नामामागे मात्र ‘अ’ किंवा ‘ॲन’ सामान्यतः येत नाही. ‘ही गेव्ह मी ॲन ॲडव्हाइस’ हे अशुद्ध. ‘सम ॲडव्हाइस’ किंवा ‘अ पीस ऑफ ॲडव्हाइस’ हे शुद्ध.

दुसरे ठिकाण वचनाचे. गणनीय नामास अनेकवचन आहे. अगणनीयास ते नाही व त्याचे क्रियापद एकवचनी असते. दहा पोती तांदूळ असला तरी ‘द राइस इज गुड’ असेच म्हणावे.

तिसरे ठिकाण परिमाणवाचक विशेषणांचे. मराठीत ‘किती मुले’ व ‘किती पाणी’ ह्या दोहोंस ‘किती’ हा एकच शब्द पुरतो. ‘पुष्कळ’ व ‘थोडे’ हेही दोन्हीकडे चालतात. इंग्रजीत गणनीयास ‘मेनी’ व ‘फ्यू’, अगणनीयास ‘मच’ व ‘लिटल’: ‘हाउ मेनी बॉइज’, परंतु ‘हाउ मच वॉटर’. ‘सम’, ‘एनी’ व ‘अ लॉट ऑफ’ हे शब्द मात्र दोन्हींबरोबर नांदतात. शंका आली असता त्यांचा आश्रय घ्यावा.

येथवर आल्यावर चाणाक्ष विद्यार्थी विचारील की, मग अगणनीय वस्तूंची संख्या सांगावयाची झाल्यास काय करावे? त्याचे उत्तर दुकानदाराने आधीच दिले आहे. द्रव्यास माप किंवा पात्र जोडावे आणि गणना त्या मापाची करावी. दुधाचे पेले, कागदाचे ताव, भाताचे शीत, साखरेची चिमूट हे आपण रोज करतो. इंग्रजीतही ‘टू ग्लासेस ऑफ मिल्क’, ‘थ्री शीट्स ऑफ पेपर’, ‘अ ग्रेन ऑफ राइस’, ‘अ पिंच ऑफ सॉल्ट’ असे म्हणतात. ज्यांस स्वतःचे माप नाही अशा अनेक नामांस ‘पीस’ हा शब्द उपयोगी पडतो: ‘अ पीस ऑफ न्यूज’, ‘टू पीसेस ऑफ फर्निचर’. अनेकवचनाचा ‘एस’ मापास लागतो, द्रव्यास लागत नाही, एवढे विसरू नये.

आणखी एक गोष्ट. एकच नाम दोन्ही वेषांत वावरू शकते, आणि वेष पालटला की अर्थ पालटतो. ‘ग्लास’ म्हणजे काच, ‘अ ग्लास’ म्हणजे पेला. ‘आयर्न’ म्हणजे लोखंड, ‘ॲन आयर्न’ म्हणजे इस्त्री. ‘पेपर’ म्हणजे कागद, ‘अ पेपर’ म्हणजे वर्तमानपत्र किंवा प्रश्नपत्रिका. ‘वर्क’ म्हणजे काम. परंतु एखाद्या ग्रंथकाराच्या कृतींस ‘वर्क्स’ म्हणतात. ‘हेअर’ अगणनीय खरे. पण दुधात दोन केस पडले असता ‘टू हेअर्स’ असे म्हटले जाते, कारण तेथे ते खरोखर एक एक असे दिसतात. त्याचप्रमाणे ‘कॉफी’ हे पेय अगणनीय असूनही उपाहारगृहात ‘टू कॉफीज’ मागविता येतात. आपणही ‘दोन चहा’ म्हणतोच. तेव्हा ‘गणनीय’ व ‘अगणनीय’ हे शब्दाच्या कपाळी कोरलेले शिक्के नसून, त्या त्या वाक्यात वक्ता वस्तूकडे कसा पाहतो ह्याच्या खुणा आहेत.

हा भेद पंडितांनी बारकाईने अभ्यासिला आहे. डेन्मार्क देशाचे विख्यात व्याकरणकार ओटो येस्पर्सन (1860–1943) यांनी 1924 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ‘द फिलॉसफी ऑफ ग्रामर’ ह्या ग्रंथात गणनीय शब्द व द्रव्यवाचक शब्द ह्यांची चर्चा केली आहे. त्यांची मातृभाषा इंग्रजी नव्हती, ही गोष्ट आपणांस उत्तेजन देणारी आहे. पुढे ए. एस. हॉर्नबी व त्यांचे सहकारी यांनी जपानातील विद्यार्थ्यांस शिकविण्याच्या अनुभवावरून इंग्रजीचा एक कोश रचिला. तो 1942 साली टोकियो येथे निघाला व 1948 साली ऑक्सफर्डच्या छापखान्याने पुन्हा प्रसिद्ध केला. परभाषीय विद्यार्थ्यांस नाम कोणत्या वर्गाचे हे कळावे म्हणून अशा कोशांत नामापुढे ‘सी’ किंवा ‘यू’ हे अक्षर छापण्याची पद्धत रूढ झाली. ‘सी’ म्हणजे गणनीय, ‘यू’ म्हणजे अगणनीय. आजही विद्यार्थ्यांसाठी केलेल्या कोशांत ही अक्षरे आढळतात. शब्दाचा अर्थ पाहून कोश मिटू नये. ते एक अक्षरही पाहावे.

इंग्रजी भाषेनेही आपले मत वेळोवेळी बदलले आहे. वाटाण्यास पूर्वी इंग्रजीत ‘पीझ’ म्हणत. तो शब्द एकवचनी असून धान्याच्या नावाप्रमाणे वापरीत. त्याच्या अंतीचा ध्वनी ऐकून लोकांस ते अनेकवचन वाटू लागले, आणि सतराव्या शतकात त्यातून ‘पी’ असे नवे एकवचन निघाले. म्हणजे आज वाटाणे गणनीय आहेत ते एका चुकीच्या ऐकण्यामुळे! फ्रेंच भाषेत घरातील सामानाची व माहितीची नावे खुशाल अनेकवचनी चालतात. यावरून ‘फर्निचर्स’ लिहिणारा मुलगा मूर्ख नव्हे, हे उघड आहे. त्याची विचारसरणी सरळ आहे. फक्त इंग्रजी भाषेचा रिवाज त्यास अद्याप ठाऊक नाही. रिवाज शिकवावा लागतो. तो हशाने शिकविता येत नाही, हे मी स्वतः पुरेशा उशिरा शिकलो.

आता अभ्यासासाठी सहा वाक्ये देतो. उत्तरे पाहण्यापूर्वी ती स्वतः शुद्ध करावीत.

1. ब्रिंग टू चॉक्स.
2. द न्यूज आर ट्रू.
3. ही गेव्ह मी अ गुड ॲडव्हाइस.
4. वी हॅव मच बुक्स.
5. माय फादर बॉट न्यू फर्निचर्स.
6. आय वॉन्ट सम इन्फर्मेशन्स.

उत्तरे: पहिल्यात ‘टू पीसेस ऑफ चॉक’, दुसऱ्यात ‘इज’, तिसऱ्यात ‘सम गुड ॲडव्हाइस’, चौथ्यात ‘मेनी’, पाचव्यात ‘न्यू फर्निचर’, सहाव्यात ‘सम इन्फर्मेशन’. केवळ उत्तर जुळले म्हणून समाधान मानू नये. प्रत्येक ठिकाणी मराठी इंग्रजीशी सहमत आहे की भिन्न, हेही वहीत लिहावे.

शेवटी पालकवर्गास एक विनंती. आपणांस इंग्रजी येत नाही, म्हणून मुलाच्या इंग्रजी अभ्यासात आपण काही साहाय्य करू शकत नाही, असे पुष्कळ आईबाप खेदाने मजपाशी बोलतात. तसे मुळीच नाही. आज सायंकाळी स्वयंपाकघरात मुलास जवळ बसवा आणि विचारा, ‘ह्यांतले काय एक-दोन म्हणून मोजावयाचे, काय मापावयाचे, काय तोलावयाचे?’ अंडी, नारळ, लसूण, मीठ, दूध, डाळ ह्यांची तो वर्गवारी करील, आणि मग वही काढून इंग्रजीत तीच वर्गवारी आहे काय, हे कोशात पाहील. लसणाची पाकळी मोजावयाची की लसूण, ह्यावर कदाचित वादही होईल. तो होऊ द्यावा. मूल वाद घालू लागले की ते शिकू लागले असे समजावे. आणि त्याच्या प्रश्नाचे उत्तर आपणांस ठाऊक नसेल तर तसे मोकळेपणाने सांगून त्याच्याबरोबर शोधावयास बसावे. मजजवळ हे शहाणपण असते, तर त्या मुलाची एक सहामाही मुकाट्याने गेली नसती.